तळपायाची जखम

मस्कत,
शुक्रवार, रात्री दहा

चि. बाबूस,

सप्रेम सलाम आणि अनेक आशीर्वाद.

आईला माझा सलाम सांग, पोरांचे पापे घे. तिकडे पाऊस धो धो लागला असेल. गॅलरीच्या कठड्याला ताडपत्री बांधलीस का? गेल्या वर्षी आईच्या खाटेपर्यंत ओल आली होती. इथं सूर्य मावळला तरी भिंती तापलेल्या असतात. आज उपासनेहून परत येताना बाकावर टेकवेना, इतका तो भाजत होता.

फोन हाताशी असताना ताईनं पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलायला लागले की दुसऱ्या मिनिटाला सूचना सुरू होतात. गोळी दिलीस का, शुगर तपासलीस का, पावती जपून ठेवलीस का. तू 'हो ताई' म्हणतोस आणि फोन आईकडे देतोस. नाताळपासून आपलं बोलणं तेवढंच उरलंय. मला आज जे सांगायचंय ते त्या आवाजात सांगता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या वॉर्डात दोघी रजेवर होत्या, तिसरी तापानं घरी. ड्रेसिंग करायला कुणीच नव्हतं. मी इन्चार्ज झाले त्याला नऊ वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी ड्रेसिंग करत नाही, केलेलं बघते. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहते, हाताखालची मुलगी पट्टी सोडते, मी वरून नजर टाकते आणि फाइलवर सही करते. त्या दिवशी मात्र ट्रे मलाच उचलावा लागला. एक म्हातारे मच्छीमार होते, मधुमेह खूप जुना. चपलेच्या तळातून खिळा वर आला होता आणि त्या खिळ्यावर ते दोन दिवस चालले होते. त्यांना काही कळलंच नाही. घरच्या गालिच्यावर रक्ताचे ठसे उमटलेले सुनेनं पाहिले तेव्हा सगळी धावपळ.

आईमुळे तुला यातलं थोडं ठाऊक आहे, तरी सांगते. मधुमेह मुरला की पायाच्या नसा हळूहळू मरतात. हे तपासायला आमच्याकडे नायलॉनचा एक तंतू असतो, गळाच्या दोरीसारखा. तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा दाब पडतो. रोग्यानं डोळे मिटायचे, आम्ही ठिकठिकाणी तंतू टेकवायचा, लागलं की त्यानं 'हो' म्हणायचं. जिथं 'हो' येत नाही तिथं जखम होण्याची भीती. आणि जखम बहुतेक वेळा तळव्यावरच होते, अंगठ्याच्या मुळाशी, जिथं सगळा भार पडतो. वर घट्टा धरतो. कडक, कोरडा, पिवळसर. वरून बघणाऱ्याला वाटतं, कातडी चांगली जाड आहे, काळजी नाही. तो घट्टा पात्यानं सोलला की खाली पोकळी निघते, कधी कधी हाडापर्यंत गेलेली.

ही जखम उभ्यानं दिसत नाही, बाबू. मी आधी वाकून पाहिलं, मग स्टूल ओढलं, ते उंच पडलं. शेवटी फरशीवर गुडघे टेकले, मान वाकडी केली आणि खालून वर बघितलं तेव्हा दिसली. इतकी वर्षं मी सह्या करत आलेय त्या सगळ्या वरून बघून केलेल्या.

त्या बाबांनी पाय मागं ओढला. म्हणाले, "सामहीनी, या बिन्ती." मला माफ कर, पोरी. एवढ्या मोठ्या सिस्टरला आपल्या पायाशी बसावं लागलं, याची त्यांना लाज वाटली. त्यांची काय चूक होती? काहीच नाही. आणि तरी किती सहज आला तो शब्द त्यांच्या तोंडून.

मी तिथं गुडघ्यावर असताना मला तू दिसलास. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तू आईपुढे फतकल मारून बसला होतास, निळं टब, मांडीवर तिचा जुना पंचा. एकेक बोट वेगळं करून पुसत होतास. आणि मी खुर्चीवर बसून सांगत होते, पाणी कोमट घे, बोटांच्या बेचक्यात ओल ठेवू नकोस, नखं सरळ काप, कोपरे खोल घेऊ नकोस. सांगितलेलं सगळं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांच्या बायकोला मी काय सांगितलं, ते तुला माहीत नाही. म्हटलं, "मी सगळं शिकवून ठेवलंय घरात, म्हणून आईचे पाय शाबूत आहेत." मी त्या पायांना हातसुद्धा लावला नव्हता.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. नाताळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी नव्या साउंड सिस्टीमबद्दल आभार मानले, "परदेशातल्या एका भगिनीच्या देणगीतून" एवढंच म्हणाले आणि पुढच्या सूचनेकडे वळले. मी दुसऱ्या बाकावर नवी साडी नेसून बसले होते. माझं नाव आलं नाही म्हणून माझ्या कानात जे वाजायला लागलं ते प्रभुभोजनाच्या वेळीही थांबलं नाही. भाकर हातात घेतली, द्राक्षारस घेतला, आणि डोक्यात एकच, कुणी गाळलं माझं नाव. मग कळलं की तूच त्यांना तसं सुचवलं होतंस. घरी आल्यावर आईसमोर, शेजारच्या काकू करंज्यांचं ताट घेऊन दारात उभ्या असताना, मी तुला म्हटलं, "मी पाठवते म्हणून या घरात गॅस पेटतो." तू वर बघितलं नाहीस. एवढंच म्हणालास, "ताई, मला वाटलं तुला असंच आवडेल." आणि चहा टाकायला आत गेलास.

तुझं ते वाक्य मी सहा महिने उलटं ऐकत होते. मला वाटायचं, तू टोमणा मारलास. त्या दिवशी फरशीवर बसल्यावर पहिल्यांदा सरळ ऐकू आलं. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, हे तू लहानपणी संडे स्कूलमध्ये माझ्याच तोंडून ऐकलं होतंस. मी ते मनापासून सांगते, असं तू धरून चाललास. तू मला माझ्याहून चांगली समजत होतास.

गर्वाबद्दल मी आयुष्यभर प्रवचनं ऐकली, पण मला नेहमी दुसरी माणसं आठवायची. सोन्याच्या साखळ्या मिरवणारे, 'आम्ही जुने ख्रिस्ती' म्हणून नव्यांना बाजूला बसवणारे, इंग्रजीत प्रार्थना करणारे. माझा गर्व त्यांच्यासारखा दिसत नव्हता. तो सेवेच्या कपड्यात होता. इतर पापं दुखतात, बाबू. खोटं बोललं की झोप लागत नाही, कुणाला शिवी दिली की दिवसभर तोंड कडू राहतं. गर्व दुखत नाही. उलट छान वाटतं, पाय जमिनीवर भक्कम आहेत असं वाटतं. सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमला ग्रेगरी नावाचे पोप होऊन गेले, स्वतःला 'देवाच्या दासांचा दास' म्हणवून घेणारे. त्यांनी सात मोठ्या पापांची यादी केली तेव्हा गर्व त्या सातांत धरला नाही. तो सातांचं मूळ म्हणून वेगळा ठेवला. नर्सच्या भाषेत सांगायचं तर बाकीची लक्षणं, आणि हा रोग.

आणि तो प्रार्थनेतही शिरतो. लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांची गोष्ट आहे. त्यातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आठव. तो देवाला शिव्या देत नाही, काही मागतही नाही, तो आभार मानतो. 'मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार.' माझी रोजची प्रार्थना काय होती सांगू? "प्रभू, तुझे उपकार, तू मला माझ्या घराचा आधार केलंस." वीस वर्षं हीच. शब्द कृतज्ञतेचे, पण त्यात देवापेक्षा 'मला' आणि 'माझ्या' मोठे. साक्ष द्यायला उभी राहिले की मी म्हणायची, "मी कोण? मी तर काहीच नाही, सगळं प्रभूनं केलं." आणि खाली बसताना कान टवकारलेले असायचे, कुणी म्हणतंय का, नाही ताई, तुम्ही किती केलंत. त्या गोष्टीतला दुसरा, जकातदार, मात्र दूर उभा राहिला, वर बघायचं धाडस झालं नाही, छाती बडवत एवढंच म्हणाला की मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी गेला तो तोच. त्यानं आपल्या वाक्यात दुसऱ्या कुणाला आणलंच नाही.

एक गोष्ट मात्र इथं थांबून लिहायला हवी, नाहीतर माझा मीच चुकीचा अर्थ काढीन. लीनता म्हणजे लाचारी नव्हे. आपले आजोबा नगरकडच्या गावात वेशीबाहेर वाढले. त्यांना मान खाली घालायला गावानं शिकवलं होतं, ख्रिस्तानं नाही. ख्रिस्ती देवळात सगळ्यांबरोबर एका चटईवर बसायला मिळालं तेव्हा त्यांची मान वर झाली, आणि ती वर व्हायलाच हवी होती. मरियेच्या गीतात देव दीनांना उंच करतो आणि अधिपतींना आसनांवरून खाली ओढतो. ज्याला लोकांनी आधीच खाली दाबलंय त्याला आणखी नम्र हो म्हणून सांगणं हा अन्याय आहे. मी तसं तुझ्या बाबतीत केलं. तू धाकटा, तुझा पगार कमी, म्हणून नम्रता तुझ्या वाट्याची आणि सल्ला माझ्या वाट्याचा, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

या महिन्यात मी योहानाचा तेरावा अध्याय रोज वाचतेय. येशूनं शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण तिच्या आधीचं वाक्य माझ्या नजरेतून नेहमी निसटायचं. आपल्या हाती पित्यानं सर्व काही दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू जेवणावरून उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली आणि कमरेला रुमाल बांधला. हे जाणून! तो कुणीच नव्हता म्हणून वाकला असं नाही. आपण कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्याला कुणाच्या घोषणेची गरज नव्हती, म्हणून त्याला इतकं खाली बसता आलं. माझं नाव माइकवरून आलं नाही तर मी उरतच नाही, असं मला वाटलं. म्हणजे आत किती रिकामं असेल बघ. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. भरलेला होता, म्हणून रिक्त होता आलं.

आई आपल्याला पंडिता रमाबाईंबद्दल सांगायची, आठवतं? 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर. 1889 च्या मार्चमध्ये त्यांनी आपल्या मुंबईतच, चौपाटीला, विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढं ते पुण्याला गेलं आणि मग केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. लहानपणी मला त्यातल्या पदव्या आवडायच्या. आता वेगळंच आवडतं. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि आणताना आपली सगळी संस्कृत विद्वत्ता बाजूला ठेवून साधे शब्द शोधले, दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षरं शिकलेल्या बायांना वाचता यावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर त्या कामातच होत्या. ज्ञान विसरून कुणी लहान होत नाही. ते कुणाच्या तरी उंचीला आणून ठेवावं लागतं. तू आईला माझी वैद्यकीय भाषा समजावून सांगतोस, तसं.

इथं मस्कतमध्येही असा एक माणूस झोपलाय. थॉमस व्हॅल्पी फ्रेंच, लाहोरचे पहिले बिशप. 1887 मध्ये बिशपपद सोडलं आणि 1891 च्या फेब्रुवारीत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, साधे मिशनरी म्हणून इथं उतरले. तीन महिन्यांत, 14 मे ला, या उन्हाळ्यानं त्यांना नेलं. समुद्रालगतच्या एका लहानशा खाडीत त्यांची कबर आहे. हाताशी कुठलं यश नाही, मंडळी नाही, माणसं मोजून दाखवावी असं काही नाही. ही गोष्ट पूर्वी ऐकली तेव्हा मला हळहळ वाटायची, मोठा माणूस वाया गेला म्हणून. आता तसं वाटत नाही.

आणखी एक कबुली आहे आणि ती लिहायला मला सगळ्यात जड जातेय. त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी आमच्या नव्या मुलीला म्हटलं, माझे पाय तपास. डोळे मिटून पडले. ती तंतू टेकवत गेली, मी 'हो', 'हो' म्हणत गेले. मग बराच वेळ ती काही करत नाही असं वाटलं, म्हणून विचारलं, थांबलीस का? ती हळूच म्हणाली, "सिस्टर, मी थांबले नाही." उजव्या पायाला दोन जागा आहेत.

मला चार वर्षांपासून मधुमेह आहे, बाबू. तुम्हाला सांगितलं नाही. घाबरू नका, गोळ्या चालू आहेत, आकडे आता बरे आहेत, जखम कुठंही नाही. तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं. ते खरं नाही. घराची नर्स स्वतः आजारी, ही गोष्ट मला सहन होत नव्हती. देणारीनं घेणारी व्हायचं नाही, एवढंच मनात. गेल्या वेळी विमानतळावर तू बॅग उचलायला हात पुढं केलास तेव्हा मी म्हटलं, असू दे, मी नेते. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही असंच म्हणाला होता, माझे पाय तुला कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं! पण येशूनं त्याला सांगितलं की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

आम्ही रोग्यांना सांगतो, रोज रात्री तळवे आरशात बघा, आणि दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. मी कुणाला सांगणार? आपल्या खोलीत तू आहेस. वडील गेल्यावर पुण्याची चांगली नोकरी सोडून राहिलास, रात्री तीन-तीनदा उठून आईला गॅलरीच्या टोकापर्यंत धरून नेतोस. याचा हिशेब मी कधी मांडला नाही. माझ्या मनीऑर्डरी, बँकेच्या पावत्या मात्र तारखेसकट पाठ होत्या.

अलीशा संदेष्ट्यानं कोड झालेल्या नामानाला बरं होण्यासाठी यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितलं तेव्हा तो सेनापती रागावला. संदेष्टा बाहेरसुद्धा आला नाही, आणि उपाय एवढासा? काही अवघड सांगितलं असतं तर आनंदानं केलं असतं, हे त्याच्या चाकरांनी त्याला बरोबर ओळखून सांगितलं. मलाही आतापर्यंत अवघडच सुचत होतं. जास्त पैसे पाठवावेत, आईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवावं, तुमच्यासाठी मोठी जागा बघावी. साधं एवढंच करायचं होतं.

माझं चुकलं, बाबू. मला माफ कर. गॅसबद्दल बोलले ते खोटं होतं. ते घर तुझ्यामुळे चालतं, आणि माझ्या पैशानं चालत असतं तरी ते बोलायचा मला हक्क नव्हता. सूनबाईलाही माझ्या वतीनं सांग, ती त्या वेळी ओट्याशी उभी होती आणि तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय. या वेळी बॅग तू घे. आईचं निळं टब जपून ठेव. तिचे पाय या वेळी मी धुईन, आणि मला नीट जमलं नाही तर तू सांग. मग माझेही तळवे बघ.

आईच्या टाचेला भेग पडली असेल तर साधं व्हॅसलिन लाव, बेचक्यात लावू नकोस. ही सूचनाच झाली, पण आईसाठी आहे.

आईला अक्षर दिसत नाही, तेव्हा पत्र तूच वाचून दाखवशील. वाचताना नाताळचा भाग गाळू नकोस. मी बोलले ते तिच्यासमोर बोलले होते. आणि जमलं तर शेजारच्या काकूंनाही त्या वेळी बोलावून घे.

तुझी,
ताई